डेलियाचे गड्डे गारठले की कुजले? रेडिंगजवळच्या एका बागेचं प्रकरण

२०२२ च्या एप्रिलमध्ये काकूंनी 'बिशप ऑफ लँडाफ' या डेलियाचा एक जुना, मोठा गड्डा फोडून त्याचे वाटे केले. काही घराला लागून असलेल्या उंच वाफ्यात लावले, काही बागेच्या तळाशी, कुंपणाजवळच्या वाफ्यात. उन्हाळाभर दोन्हीकडे खतपाणी सारखंच झालं आणि नोव्हेंबरात पालापाचोळ्याचं आच्छादनही दोन्हीकडे सारख्याच जाडीचं पडलं, चांगलं वीतभर. पुढच्या मे महिन्यात वरच्या वाफ्यातले सगळे गड्डे फुटून आले. खालच्या वाफ्यातला एकही आला नाही.

"यंदाची थंडीच तशी होती," असं म्हणून विषय संपवता आला असता. त्या वर्षी इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या बहुतेक बागायतदारांनी तेच म्हटलं. पण एकाच गड्ड्याचे वाटे शंभर फुटांच्या अंतरावर इतके वेगळे वागतात, तेव्हा त्यामागचं कारण नीट शोधायला हवं. मी या भागात बागकामाचा व्यवसाय करते आणि काका-काकूंच्या बागेत माझं नेहमीचं जाणं-येणं आहे, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळालं.

बाग आणि माणसं

दक्षिण इंग्लंडमधल्या रेडिंगजवळचं साधं घर, मागे दक्षिणेकडे तोंड केलेली लांबट बाग. जमीन घराकडून कुंपणाकडे उतरत जाते. माती चिकण: उन्हाळ्यात भेगाळते, हिवाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. घराच्या भिंतीपाशी जुन्या रेल्वे स्लीपरांनी बांधलेला वाफा आहे, जमिनीपासून दीड फूट उंच आणि खडी मिसळलेल्या मोकळ्या मातीने भरलेला. तळाचा वाफा मात्र जमिनीच्या पातळीवरच आहे. त्याच्या मागे लाकडी फळ्यांचं बंद कुंपण.

काका मूळचे निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. काकू नाशिकच्या. इथे येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली. बागेत दोघांची आवड सरळ दिसते: कर्दळ, डेलिया, कुंड्यांमध्ये जिरेनियम, आणि कॉन्झर्वेटरीच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या काचेच्या खोलीच्या, कोपऱ्यात एका मोठ्या कुंडीत सोनटक्का. इंग्लंडच्या उन्हाळ्यात सोनटक्का फुलेलच याची खात्री नसते. २०२२ साली तो फुलला. त्या वर्षी १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. सोनटक्क्याला याहून जास्त घरच्यासारखं इथे कधी वाटलं असेल असं मला वाटत नाही.

यातली बरीचशी झाडं 'अर्धी काटक' या गटात मोडतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाडांच्या थंडी सोसण्याच्या ताकदीची एच१ ते एच७ अशी प्रतवारी करते. त्यात एच३ म्हणजे एक अंशापासून उणे पाचपर्यंत तग धरणारी झाडं. डेलिया, कर्दळ आणि जांभळ्या फुलांचा 'अमिस्ताद' साल्व्हिया याच प्रतीतले. जिरेनियम त्याहून नाजूक, पाच अंशांखाली नको म्हणणारं. एच३ च्या वर्णनात एक इशारा असतो, तो लोक सहसा वाचत नाहीत: कडक हिवाळ्यात, विशेषतः जमिनीवर बर्फाचं पांघरूण नसेल किंवा झाड कुंडीत असेल, तर ते मरू शकतं. या दोन्ही गोष्टी इथे पुढे घडल्या.

काय घडलं

नोव्हेंबर इतका उबदार गेला की महिनाअखेरीसही डेलियाला कळ्या होत्या. इथला प्रघात असा, की पहिल्या फ्रॉस्टने, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीने, डेलियाची पानं काळी पडली की मग गड्डे काढायचे. त्या वर्षी पानं काळी पडायचं नाव घेईनात. काकू वाट बघत राहिल्या आणि मग ठरलं, की यंदा जमिनीतच ठेवू, वर आच्छादन घालू. दक्षिण इंग्लंडमध्ये पुष्कळ जण तसं करतात, आणि ते चूक नाही.

उबदार नोव्हेंबरचं दुसरंही एक नुकसान होतं. दिवस लहान होत जातात, गारवा हळूहळू वाढतो, तशी झाडं स्वतःला थंडीसाठी तयार करतात. नवी वाढ थांबते, पेशींमध्ये साखर साठते, ऊती टणक होतात. ही तयारी व्हायला काही आठवडे थोडी थोडी थंडी लागते. २०२२ मध्ये झाडं कोवळ्या, पाणीदार शेंड्यांसह डिसेंबरात शिरली आणि ७ डिसेंबरच्या आसपास उत्तरेकडची हवा एकदम खाली आली. पुढचे दहा दिवस कडाका हटला नाही. स्कॉटलंडमध्ये ब्रेमारला १३ तारखेला उणे १७.३ अंश नोंदले गेले. काकूंच्या तळाच्या वाफ्यातल्या थर्मामीटरने उणे नऊ दाखवलं, घराच्या भिंतीजवळच्याने उणे सहा. दिवसाही पारा शून्याच्या आसपासच घुटमळत होता. लंडनमध्ये ११ तारखेच्या रात्री बर्फ पडला, आमच्याकडे तो नावालाच. म्हणजे जमिनीला ते पांघरूणही मिळालं नाही.

थंडी येणार हे काकांनी अंदाज ऐकण्याआधी ओळखलं होतं. संध्याकाळी वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं, तेव्हाच ते म्हणाले, "आज रात्री दव गोठणार." अशा रात्री जमिनीतली ऊब सरळ आकाशात निघून जाते, गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि बंद कुंपणापाशी अडून साठते. निफाडच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मग काकांनी तिकडे लहानपणापासून पाहिलेलं काम केलं. संध्याकाळी होजपाइप काढून दोन्ही वाफ्यांना आणि ओळीने ठेवलेल्या कुंड्यांना भरपूर पाणी दिलं.

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. तेव्हा शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी देतात. पाणी देण्यामागचा विचार पक्का आहे: ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. पण ती ऊब आधी दिवसा मातीत शिरायला हवी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निफाडला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो आणि दिवस जवळपास अकरा तासांचा. रेडिंगला त्याच दिवशी सूर्य जेमतेम १५ अंश चढतो, दिवस आठ तासांहूनही लहान, आणि त्यातही धुकं. साठवायला ऊबच नसते. उरतं ते फक्त पाणी, आणि चिकण मातीतून ते जायला तयार नसतं.

१८-१९ डिसेंबरला हवा फिरली. एका दिवसात पारा दहाच्या वर गेला आणि पाऊस सुरू झाला.

पडझड

सर्वात आधी जिरेनियम गेली. कॉन्झर्वेटरीत दरवर्षी छोटा हीटर लावलेला असायचा. त्या हिवाळ्यात विजेची बिलं अशी चढली होती की इथल्या असंख्य घरांनी नको तिथला हीटर बंद केला, काकूंनीही केला. नुसती काच एखाद-दुसऱ्या रात्रीचा गारठा अडवते. सलग आठवडाभर कडाका राहिला की आतलं तापमान बाहेरच्याच्या मागोमाग उतरतं. काचेला लागून ठेवलेल्या सगळ्या कुंड्या मेल्या. खोड बोटाने दाबलं की साल सुटून हातात यायची. घराच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या वाचल्या, कारण त्या विटांमागे घराचं हीटिंग चालू होतं. सोनटक्क्याची कुंडी काकूंनी पहिल्याच रात्री ओढत स्वयंपाकघरात आणली होती, त्यामुळे त्याचं फक्त एक पान पिवळं पडलं.

बाहेरच्या कुंड्यांमध्ये पाणी तुडुंब होतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. मातीच्या दोन कुंड्या उभ्या तडकल्या. कुंडीत मुळं कडेकडेने गोल वाढतात, म्हणजे सर्वात नाजूक मुळं सर्वात गार भिंतीला चिकटलेली असतात. जमिनीतल्या मुळांना खालून मातीची ऊब असते, कुंडीला थंडी चहूबाजूंनी भिडते. उंच दांड्यावर फुलांचा गुच्छ धरणाऱ्या सदाहरित अगापँथसची पानं लोळागोळा झाली.

'अमिस्ताद' साल्व्हियाची चार झाडं वरून पार काळी पडली. मार्चमध्ये काका कुदळ घेऊन निघाले होते. मी त्यांना थांबवलं. साल्व्हियाचा निकाल मेअखेरीपर्यंत लावू नये, हे माझं ठाम मत आहे. आणि त्या वर्षी वसंतही रेंगाळत आला. मेच्या मध्यावर चारांपैकी दोन झाडांना बुडातून फुटवे आले. ज्या दोन झाडांच्या जुन्या काड्या उभ्या ठेवून बुडाशी पालापाचोळा ओढला होता, तीच ही दोन. ज्यांची नोव्हेंबरातच साफसफाई करून बुंध्यापर्यंत छाटणी झाली होती, ती गेली. चार झाडांवरून नियम काढता येत नाही, पण हाच अनुभव मला इतर बागांतही येतो. हिवाळ्याआधी बाग 'स्वच्छ' करण्याची हौस अर्ध्या काटक झाडांच्या जिवावर बेतते. वाळक्या काड्या बुडावर थोडं छप्पर धरतात आणि छाटलेल्या पोकळ दांड्यांतून पाणी आत मुरतं ते टळतं.

आता डेलिया. खालच्या वाफ्यात उणे नऊ, वरच्या वाफ्यात उणे सहा. यावरून खालचे गड्डे गोठून मेले, असा निष्कर्ष कोणीही काढेल. काकांनीही तोच काढला. पण मध्ये एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कडाका ओसरल्यावर लगेच, २० डिसेंबरला, काकूंनी खालच्या वाफ्यातला एक गड्डा खणून काढला होता. एका मैत्रिणीला द्यायचा होता. तो टणक होता. एक कंद फावड्याने कापला गेला, तो आतून पांढरा, करकरीत. मैत्रीण आलीच नाही. गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये खोक्यात पडून राहिला आणि एप्रिलमध्ये त्याला कोंब आले.

म्हणजे दहा दिवसांच्या कडाक्यानंतरही खालच्या वाफ्यातला गड्डा जिवंत होता. वीतभर आच्छादन आणि वीतभर माती, एवढ्याखाली हवेतले उणे नऊ पोचलेच नव्हते. ज्याने मारलं ते नंतर आलं.

एप्रिलअखेरीस मी उरलेले गड्डे खणले. वाफ्यात पहिला फावडा घातला तेव्हा खड्ड्यात बाजूने पाणी झिरपत आलं. कंदांची साल शाबूत होती, रंगही ठीक. अंगठ्याने दाबलं की साल फाटून आंबूस वासाचं पाणी बाहेर यायचं. एक-दोन कंद तर अजून घट्ट होते, पण खोडाजवळचा भाग तपकिरी, मऊ. डेलियाच्या बाबतीत तोच भाग निर्णायक असतो. बटाट्याला अंगभर डोळे असतात, तसं डेलियाचं नाही. कोंब फुटतात ते फक्त कंद खोडाला जिथे जोडलेला असतो त्या मानेवरून. मान कुजली की खालचा कंद कितीही धडधाकट असो, त्यातून काही येत नाही.

हवामानाचा क्रम याच्याशी जुळतो. डिसेंबरअखेर पाऊस, जानेवारीच्या मध्यानंतर पुन्हा गारठा, फेब्रुवारी कोरडा, आणि मग २०२३ चा मार्च: इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांत इतका ओला मार्च झाला नव्हता. चिकण मातीच्या खोलगट वाफ्यात, गार पाण्यात, हवेशिवाय, झोपलेले गड्डे तीन महिने पडून होते. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथेही रात्री गार असतात, पण तिथला हिवाळा कोरडा असतो. गड्डा कोरड्यात झोपायला घडलेला आहे. वरच्या वाफ्यात पाऊस तितकाच पडला, पण खडीतून निघून गेला.

काकांच्या होजपाइपने त्यात किती भर घातली? माझ्या मते वाफ्यांच्या बाबतीत फारशी नाही, मार्चच्या पावसापुढे ते पाणी काहीच नव्हतं. कुंड्यांच्या बाबतीत मात्र तेच निर्णायक ठरलं. हे मी काकांना तसंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "म्हणजे इथे थंडीच्या आधी झाड ताणावर ठेवायचं?" द्राक्षवाल्याने नेमका शब्द काढला. हो, ताणावर, म्हणजे पाणी तोडून.

पुढच्या हिवाळ्याची तयारी

२०२३ च्या उन्हाळ्यात तळाचा वाफा फळ्या लावून फूटभर उचलला. चिकण मातीत नुसती वाळू मिसळण्याचा मोह पुष्कळांना होतो. थोड्या वाळूने ती आणखीच घट्ट बसते. आम्ही बागेची जाडसर खडी आणि कुजवलेल्या सालींचं खत मिसळलं. कुंपणाच्या तळाच्या दोन फळ्या काढल्या, म्हणजे उतरून आलेल्या गार हवेला पुढे जायला वाट मिळाली. शेजाऱ्यांच्या बागेत तिथे नुसतं गवत आहे, त्यांना विचारूनच हे केलं.

ऑगस्टच्या शेवटी साल्व्हियाचे फाटे घेतले. फूल नसलेला शेंडा, चार बोटं लांब, पेऱ्याच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची आणि खडी मिसळलेल्या कोकोपीटमध्ये कुंडीच्या कडेने खोचायचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, मग हिवाळाभर स्वयंपाकघराची खिडकी पुरते. मोठं झाड वाचवण्यासाठी जी धडपड करावी लागते, तिच्यापुढे हे काहीच नाही, आणि तरी लोक ते टाळतात. अर्ध्या काटक झाडांचा खरा विमा म्हणजे सप्टेंबरात खिडकीत उभी असलेली ही बोटभर रोपं.

डेलियाचे निम्मे गड्डे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढले, पानं काळी होण्याची वाट न बघता. दांडे वीतभर ठेवून छाटले, गड्डे दोन आठवडे उलटे टांगले, कारण पोकळ दांड्यात पाणी राहिलं की मान तिथूनच कुजते. मग कोरड्या कोकोपीटमध्ये, शेडमध्ये, पाच अंशांच्या आसपास. कर्दळीचे कंद मात्र वेगळ्या खोक्यात आणि किंचित ओलसर ठेवले. दोन्ही एकाच खोक्यात कोरडे ठेवले, तर वसंतात कर्दळ सुकून खडखडीत झालेली मिळते. हा फरक नर्सरीतही क्वचितच कुणी सांगतं.

जिरेनियम वीतभर ठेवून छाटली आणि पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीत नेली; महिन्यातून एखादा घोट पाणी. बाहेरच्या कुंड्या भिंतीशी, पागोळ्यांच्या आत, विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवल्या. बबल रॅप कुंडीला गुंडाळला, झाडाला नाही. झाडाला प्लास्टिक गुंडाळलं की आत दमट हवा कोंडते आणि करडी बुरशी धरते. झाडासाठी फ्लीस, म्हणजे थंडीत झाडांवर घालायचं हलकं, हवा खेळू देणारं कापड. तेही जमिनीपर्यंत टेकलेलं हवं, कारण फ्लीस स्वतः ऊब देत नाही, मातीतून वर येणारी ऊब फक्त अडवतं. शेंड्याला टोपी घातल्यासारखं वरच्या वर बांधलेलं फ्लीस जवळपास निरुपयोगी. पातळ, चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं फ्लीस जेमतेम दोनेक अंश राखतं. कडाक्याच्या रात्री दुहेरी घ्यावं आणि दिवसा उघडावं.

कधी घालायचं ते काका ठरवतात. संध्याकाळी ते मागच्या दाराशी उभे राहून वारा आणि आभाळ बघतात आणि सांगतात. फोनवरचा अंदाज शहराचा असतो, काकांचा त्या उताराचा.

तो हिवाळा थंडीपेक्षा पाण्याचा निघाला. ऑक्टोबरात बाबेट वादळ, जानेवारीच्या सुरुवातीला हेंक, थेम्सच्या काठची शेतं पाण्याखाली. जानेवारीच्या मध्यावर काही कडक रात्री आल्या, तेवढ्यापुरतं फ्लीस निघालं. उचललेल्या तळाच्या वाफ्यात मुद्दाम जमिनीत ठेवलेल्या डेलियाच्या गड्ड्यांपैकी एक सोडून सगळे फुटले. न फुटलेला गड्डा फळीच्या अगदी कोपऱ्यात होता, जिथे जुनी चिकण माती तशीच राहिली होती.

अगापँथसचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०२३ च्या जूनमध्ये त्याने नवी पानं काढली, पण फूल त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. पुढच्या हंगामाच्या कळ्या हा आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच आत धरतो. त्या वेळी पाणी-खत तुटलं किंवा नंतर बुडाला गारठा बसला की पानांचा झुबका हिरवागार दिसतो आणि दांडा येत नाही. आता त्याला सप्टेंबरअखेरपर्यंत पालाशयुक्त खत चालू ठेवतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, हवा कितीही उबदार असली तरी, कुंडी शेडमध्ये खिडकीखाली जाते. काकूंचं म्हणणं, कुंडी मुळांनी गच्च झाली आहे, ती फोडून दोन कराव्यात. मी त्यांना एक उन्हाळा थांबायला सांगितलं आहे, कारण फोडल्यावर तो पुन्हा एखाद-दोन वर्षं रुसेल.